पात्र कोण, पारखी कोण?

संघाच्या प्रशिक्षकाचे पद रिकामे झाले की गावोगावी एक विलक्षण परीक्षा भरते. तिला वेळापत्रक नसते, परीक्षकांची नेमणूक झालेली नसते आणि परीक्षार्थी समोर हजर नसतात. तरीही गुण मोठ्या आत्मविश्वासाने दिले जातात. आग्रा-मुंबई रस्त्यावर महूच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी वसलेल्या मानपुरात चहाच्या दुकानापुढे असो की इंदूरच्या रामबागेत एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर असो, अमुक उमेदवार योग्य, तमुक अयोग्य, हा निवाडा करताना कोणाचीही जीभ अडखळत नाही. क्रिकेट हा माळव्याचा जुना जिव्हाळा असल्याने त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु या हलक्याफुलक्या वाटणाऱ्या वादाच्या तळाशी दोन गंभीर प्रश्न दडलेले आहेत. दुसऱ्याला घडविण्याची पात्रता माणसात नेमकी कशाने येते? आणि ती पात्रता पारखण्याचा अधिकार कोणाचा?

या वादांत सर्वांत आधी पुढे येणारा निकष म्हणजे उमेदवाराचे स्वतःचे कर्तृत्व. जो स्वतः शिखरावर पोहोचला तोच दुसऱ्याला वाट दाखवू शकेल, हा युक्तिवाद सरळ आणि मोहक आहे. मात्र अनुभव त्याला पुरती साथ देत नाही. कपिलदेव यांच्याएवढा थोर खेळाडू विरळाच. तरी 1999-2000 या काळात भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांच्या वाट्याला अपयशच अधिक आले. उलट रमाकांत आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना आहे. शिवाजी पार्कवर त्यांनी घडविलेल्या शिष्यांची नावे मात्र येथे सांगावयास नकोत. त्यांचेच एक शिष्य अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही भारताकडून खेळण्याचे भाग्य त्यांना कधी लाभले नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय महिला संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले, तेव्हा जो स्वतः देशासाठी खेळला नाही तो देशाच्या संघाला काय शिकविणार, अशी शंका काढणे सोपे होते. स्वतः करणे आणि दुसऱ्याकडून करवून घेणे या दोन भिन्न विद्या आहेत, हे आपण संगीतात सहज मान्य करतो. मैदानावर मात्र ते विसरतो. ज्याला सारे सहज जमले त्याला न जमणाऱ्याची अडचण कळतेच असे नाही, आणि ज्याने आयुष्यभर दाराबाहेर वाट पाहिली त्याला वाट पाहणाऱ्याचे मन कदाचित अधिक कळते.

दुसरा निकष निकालांचा. बोलण्यापेक्षा आकडे बरे, असे म्हणणाऱ्यांचा हा आवडता आधार. परंतु आकडे चोख असूनही नाते टिकत नाही, तेव्हा काय करावे? जून 2016 मध्ये भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी सत्तावन्न अर्ज आले आणि सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली व व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांच्या सल्लागार समितीने अनिल कुंबळे यांच्या नावाला पसंती दिली. पुढच्या वर्षभरात संघाने सतरा कसोटींपैकी बारा जिंकल्या, एकच गमावली. तरीही जून 2017 मध्ये, चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यातील पराभवानंतर दोनच दिवसांनी, कुंबळे यांनी पद सोडले. कर्णधाराला आपल्या कार्यपद्धतीविषयी आक्षेप असल्याचे आपल्याला कळविण्यात आले, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. पुढे जुलैमध्ये रवी शास्त्री यांची निवड झाली. त्या तीन आठवड्यांत देशभर झालेला वाद अनेकांना आठवत असेल. कोणी म्हणाले, शिष्याने गुरू बदलून मागावा हा कसला काळ आला! कोणी म्हणाले, मैदानावर खेळायचे ज्यांना, त्यांचे मन नको का पाहायला?

दोन्ही पक्षांत तथ्य होते. मात्र दोन्ही पक्ष एक भेद करावयाचे विसरत होते. शिकवणुकीत शिष्याला होणारा त्रास दोन प्रकारचा असतो. आपली उणीव दाखविली गेल्याने होणारा त्रास हा एक. तो औषधासारखा कडू असतो, आणि तो टाळू पाहणारा शिष्य स्वतःचेच नुकसान करून घेतो. माणूस म्हणून उणे लेखले गेल्याने होणारा त्रास हा दुसरा. तो सोसण्याचे कर्तव्य कोणत्याही शिष्यावर नाही, मग समोरचा गुरू कितीही थोर असो. बंद दाराआड यांपैकी कोणता त्रास झाला, हे बाहेरच्याला कळण्याचा मार्ग नव्हता. तरीही लक्षावधी लोकांनी निर्णय देऊन टाकला, आणि तो बहुधा आपल्या आवडत्या माणसाच्या बाजूने दिला. न्यायाधीशाच्या आसनावर बसून वकिली करण्याचा हा प्रकार होता.

तिसरा निकष उघडपणे क्वचितच मांडला जातो. पण मनात तोच सर्वांत प्रबळ असतो. उमेदवार आपला आहे काय? आपण माळव्यातील मराठी मंडळींनी या प्रश्नाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण तो आपल्याला दुहेरी लागू पडतो. मार्च 2020 मध्ये मध्य प्रदेश संघाची धुरा चंद्रकांत पंडित यांच्याकडे आली. ते मूळचे मुंबईकर. मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे प्रशिक्षक. पुढे विदर्भाला त्यांनी लागोपाठ दोनदा तो मिळवून दिला, आणि त्यांतला पहिला, जानेवारी 2018 मधला, आपल्या इंदूरच्या होळकर मैदानावरच. मध्य प्रदेशाशी त्यांचे नाते मात्र त्याहून जुने. 1998-99 च्या रणजी अंतिम सामन्यात ते या संघाचे कर्णधार होते. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर पहिल्या डावात आघाडी घेऊनही कर्नाटकाने हा करंडक हातातून नेला. त्याच मैदानावर 26 जून 2022 रोजी त्यांच्या शिष्यांनी मुंबईला सहा गडी राखून हरविले आणि मध्य प्रदेश प्रथमच रणजी विजेता झाला.

त्या पाच दिवसांत आपल्यापैकी किती घरांत मन दुभंगले असेल! आजोळ मुंबईचे, जन्म माळव्याचा, समोरचा संघ मुंबईचा आणि त्याला हरविणारा गुरूही मुंबईचा. मग पंडित आपले कोणाचे? याचे उत्तर माळव्याच्या इतिहासातच आहे. नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू 1923 मध्ये होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदूरला आले. त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या संघात इंदूरचे मुश्ताक अली होते, तसेच कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकरही. 1944-45 च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळले. यांतले बाहेरचे कोण, हे आज कोणी विचारीत नाही. जन्माने मिळणारे आपलेपण हे उसने असते. कामाने मिळविलेले स्वतःचे. ज्यांचे पूर्वज शिंदे-होळकर-पवारांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून आले आणि येथील मातीत मिसळले, त्यांनी तरी कोणा उमेदवाराला 'बाहेरचा' म्हणून बाजूला सारू नये. तसेच, केवळ आडनाव ओळखीचे वाटले म्हणून कोणाला उचलूनही धरू नये. यांतली दुसरी गोष्ट आपल्याला अधिक अवघड जाते.

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे येऊ. 19 ऑक्टोबर 2025 रोजी महिला विश्वचषकात इंदूरच्याच मैदानावर भारताचा इंग्लंडकडून चार धावांनी पराभव झाला. लागोपाठचा तो तिसरा पराभव. त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला वगळून एक गोलंदाज वाढविण्यात आली होती. त्या रात्री प्रशिक्षक मुझुमदार यांच्यावर टीकेची झोड उठली. पुढे तीच जेमिमा परतली आणि उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद 127 धावा केल्या. प्रतीका रावल जायबंदी झाली म्हणून शफाली वर्माला ऐनवेळी बोलावणे आले, आणि 2 नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत अंतिम सामन्यात तिने 87 धावा करून दोन बळीही घेतले. भारत 52 धावांनी जिंकला. ज्यांनी दोन आठवड्यांपूर्वी पात्रतेवर शंका घेतली, तेच आता दूरदृष्टीचे गोडवे गाऊ लागले.

या चौदा दिवसांत मुझुमदार बदलले होते काय? त्यांचे ज्ञान, स्वभाव, शिकविण्याची रीत सारे तेच होते. बदलला तो निकाल, आणि त्या निकालात एका खेळाडूच्या दुखापतीसारखा, कोणाच्याही हाती नसलेला योगायोग मिसळलेला होता. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वचिंतकांनी 1976 मध्ये याच कोड्याला 'नैतिक दैव' अशा अर्थाचे नाव दिले. माणसाच्या हाती जे नव्हते त्याचेही श्रेय वा दोष आपण त्यालाच देतो. हे अन्याय्य आहे हे कळते, आणि तरीही सोडवत नाही. आपल्या परंपरेला हे कोडे नवे नाही. कर्मावर माणसाचा अधिकार, फळावर नाही, ही गीतेची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती नेहमी कर्म करणाऱ्याला सांगितली जाते. कर्म पाहणाऱ्यालाही ती लागू आहे, हे मात्र आपण ध्यानात घेत नाही. करणाऱ्याने फळाची आस धरू नये असे म्हणायचे आणि पाहणाऱ्याने केवळ फळावरून त्याला तोलायचे, हा विसंवाद आहे.

यावर कोणी विचारील, निकालही पाहायचा नाही, तर पाहायचे काय? मग प्रत्येक अपयशी माणूस दैवाकडे बोट दाखवून सुटेल. हा आक्षेप रास्त आहे. निकाल पाहू नये असे म्हणणे नाहीच. एका निकालावर थांबू नये एवढेच म्हणणे आहे. दीर्घ काळ आणि निरनिराळ्या परिस्थितीत येणारे निकाल बोलके असतात, कारण दैव दर वेळी एकाच बाजूला झुकत नाही. पंडित यांचे यश तीन वेगळ्या संघांत दिसले, म्हणून त्याला वजन आहे. शिवाय निकालाआधीही काही गोष्टी पारखता येतात. संघातील सर्वांत दुर्बळ खेळाडूचे या माणसाच्या हाताखाली काय होते? निर्णयाचे कारण तो सांगतो की केवळ आज्ञा देतो? पराभवाच्या दिवशी दोष वाटताना स्वतःचा वाटा उचलतो काय? या कसोट्या आपल्या गावच्या शाळेतील शिक्षकाला, गायनवर्गाच्या गुरूला, इतकेच नव्हे तर आपल्या समाजाच्या कार्यकारिणीलाही तितक्याच लागू आहेत.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. प्रेक्षकाने बोलूच नये, असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. ज्याने उन्हातान्हात बसून संघावर जीव लावला, त्याला संघाविषयी मत असणारच, आणि जेथे मत मांडता येत नाही तेथे निवड करणारे बेफिकीर होतात. परंतु निवड समितीला आपल्या चुकीची किंमत मोजावी लागते. ओसरीवरच्या परीक्षकाला ती मोजावी लागत नाही. ज्याला किंमत मोजावी लागत नाही त्याने ती भरपाई संयमाने करावी, हाच न्याय. आपल्या आवडत्याला जी कसोटी लावू तीच नावडत्यालाही लावावी. निकाल लागल्यावर आपले आधीचे मत विसरू नये. आणि ज्याची निवड झाली नाही तोही एका कुटुंबाचा, एका गावाचा अभिमान आहे, याचे भान ठेवून शब्द वापरावेत.

उमेदवाराची परीक्षा एकदा होऊन संपते. एक जण निवडला जातो, बाकीचे आपापल्या वाटेने जातात. पारख करणाऱ्याची परीक्षा मात्र दर सामन्याच्या संध्याकाळी नव्याने भरते, आणि तिचा निकाल कोठल्याही फलकावर लागत नाही. तो ज्याचा त्याने मनाशी लावावयाचा असतो.