मूलपेशींचा टंच

दिल्लीच्या करोल बागेत अजमल खान रस्त्यावर जे तिब्बिया कॉलेज उभे आहे, त्याची कोनशिला १९१६ साली लॉर्ड हार्डिंज यांनी बसविली आणि त्याचे उद्घाटन १९२१ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींच्या हस्ते झाले. म्हणजे जिच्या पायाला साम्राज्याचा प्रतिनिधी लाभला आणि कळसाला त्याच साम्राज्याशी असहकार पुकारणारा पुरुष, अशी ही एक विलक्षण वास्तू आहे. तिचे संस्थापक हकीम अजमल खान हे पिढीजात वैद्यकीच्या घराण्यात वाढलेले. तथापि परंपरेने हाती आलेले औषध आधुनिक रसायनशास्त्राच्या परीक्षेलाही उतरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहातूनच जर्मनीत शिकून आलेले तरुण रसायनज्ञ सलीमुझ्झमाँ सिद्दिकी यांच्याकडे येथील संशोधनाची धुरा आली. हकीमसाहेब १९२७ च्या अखेरीस निवर्तले. पुढे १९३१ साली सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळ्यांतून जी अल्कलॉइडे पृथक् केली, त्यांतील एकास त्यांनी कृतज्ञतेने 'अजमलीन' हे नाव दिले.

सर्पगंधा ही या देशात शतकानुशतके वापरात असलेली मुळी; परंतु तिच्या अंगी नेमके काय आहे याचा पहिला भक्कम दाखला करोल बागेत मिळाला, आणि ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णात नेमके काय करते याचा वृत्तान्त मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मोजमापांसह मांडला, तेव्हा कोठे जगाने तिची दखल घेतली. १९५२ साली बाझलच्या प्रयोगशाळेत तिच्यातील रक्तदाब उतरविणारे द्रव्य, रिसरपीन, हाती आले, आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले. द्रव्यात काय आहे आणि ते माणसात काय करते, हे दोन प्रश्न स्वतंत्र आहेत. एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे आपोआप मिळत नाही. अस्थिमज्जेत आढळणाऱ्या मेसेंकायमी मूलपेशींची हकीकत मी या दृष्टीने वाचतो. कारण तेथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतके दिपविणारे निघाले, की दुसरा प्रश्न विचारण्याचे भान कित्येकांना राहिले नाही.

जखम भरून काढणाऱ्या पेशी येतात कोठून, ही शंका जुनी आहे. युलिउस कोनहाइम या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६७ साली प्राण्याच्या रक्तात रंगद्रव्य सोडले आणि दूरच्या जखमेपाशी रंगीत पेशी पाहिल्या. त्यावरून दुरुस्तीचे कारागीर रक्तामार्गे येत असावेत असा कयास त्याने बांधला. पुढे शतकभराने, १९६१ साली, टोरांटोच्या टिल आणि मॅककुलक यांनी अस्थिमज्जेत रक्ताची मूलपेशी, म्हणजे जिच्यापासून इतर रक्तपेशी बनतात ती पेशी, आहे हे सिद्ध केले, आणि साऱ्या वैद्यकाची दृष्टी साहजिकच मज्जेतील रक्ताकडे वळली. मज्जेत रक्ताखेरीज जो आधाराचा सांगाडा असतो, त्याच्याकडे लक्ष गेले ते मॉस्कोतील अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन या एका चिकाटीच्या संशोधकाचे.

त्याची कृती ऐकावयास साधी आहे. गिनीपिगच्या हाडातील मज्जा पोषक द्रवात कालवून प्लास्टिकच्या उथळ बशीत ठेवावयाची. काही वेळाने द्रव ओतून टाकला की रक्ताच्या बहुतेक पेशी, त्या तरंगत असल्यामुळे, त्याबरोबर वाहून जातात. बशीच्या तळाला मात्र दहा हजारांत एखादी, कधी लाखांत एखादी पेशी चिकटून राहते. ही लांबट, चातीसारखी, दोन्ही टोकांना निमुळती पेशी दिवसांमागून दिवस विभागत जाते आणि तिच्याभोवती तिच्याच वंशाची एक वर्तुळाकार वसाहत उभी राहते. अशी वसाहत प्राण्याच्या शरीरात इतरत्र रोपली असता तेथे हाड तयार होते, आणि त्या हाडाच्या पोकळीत यजमान प्राण्याचे रक्त आपले बिऱ्हाड थाटते. १९६६ ते १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांचे महत्त्व पश्चिमेला उशिरा उमगले. ऑक्सफर्डच्या मॉरीन ओवेन यांनी फ्रीडेनश्टाइनबरोबर काम करून ते इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचविले.

या पेशींना 'मेसेंकायमल स्टेम सेल' हे नाव १९९१ साली अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या अर्नोल्ड कॅप्लान यांनी रूढ केले. भ्रूणातील मेसेंकाइम या ऊतीपासून हाड, कूर्चा, स्नायुबंध, मेद हे सारे बनते. तेव्हा प्रौढ माणसाच्या मज्जेतील ही पेशीही तेच सामर्थ्य राखून असावी, आणि म्हणून झिजलेल्या गुडघ्याला कूर्चा व मोडलेल्या हाडाला हाड ती पुरवू शकेल, ही त्या नावामागची कल्पना होती. १९९९ साली पिटेंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखविले की माणसाच्या मज्जेतून काढलेल्या या पेशी बशीत हाड, कूर्चा आणि मेद या तिन्ही वाटांनी जाऊ शकतात; आणि मग आशेला पंख फुटले. या पहिल्या कल्पनेला मी रूपांतराची कल्पना म्हणेन: पेशी शरीरात जाईल, जेथे उणीव आहे तेथे पोहोचेल आणि उणे पडलेले अंग स्वतःच बनेल.

बशीतील सत्य शरीरात तसेच्या तसे उतरत नाही, हे मात्र लवकरच दिसू लागले. शिरेतून सोडलेल्या पेशींपैकी बहुसंख्य पेशी फुफ्फुसाच्या सूक्ष्म केशवाहिन्यांतच अडकतात आणि थोड्याच काळात नाहीशा होतात. इच्छित स्थळी पोहोचलेल्या पेशीही तेथे दीर्घकाळ नांदत नाहीत. आणि तरीही काही प्रयोगांत, काही रुग्णांत, उतार पडलेला दिसतो. मग हा गुण आला कोठून? स्टॉकहोमच्या कातारिना ल ब्लां यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एका बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. रक्तमूलपेशींच्या प्रतिरोपणानंतर दात्याच्या पेशीच रुग्णाच्या आतड्यावर व यकृतावर उलटतात अशी जी ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट नावाची जीवघेणी अवस्था असते, ती कोणत्याही औषधाला दाद देत नसताना मेसेंकायमी पेशी दिल्यावर शमली. येथे पेशीने कोणतेही अंग बनविले नव्हते. तिने बंडखोर प्रतिकारशक्तीला आवर घातला होता.

अशा अनुभवांतून दुसरी कल्पना आकारास आली, आणि ती संदेशाची होय. ही पेशी काही रासायनिक द्रव्ये व सूक्ष्म पुटिका आसपास सोडते. त्यांच्या योगे दाह कमी होतो, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, जागच्या पेशी कामाला लागतात. ज्या कॅप्लान यांनी नाव रूढ केले, त्यांनीच २०१७ साली ते बदलावे अशी जाहीर विनंती केली. कारण 'स्टेम सेल' हे शब्द रुग्णांना चुकीचे आश्वासन देतात असे त्यांचे मत झाले होते. आपल्या कीर्तीचा आधार असलेली संज्ञा आपल्याच हाताने उतरवून ठेवणे ही विद्वानांत विरळा आढळणारी गोष्ट आहे, आणि तिचा मान राखला पाहिजे.

महाराष्ट्राचा या विचाराशी संबंध आनुषंगिक नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातील पहिले अस्थिमज्जा-प्रतिरोपण केले, तेव्हा मज्जा हे औषध होऊ शकते ही गोष्ट येथील वैद्यकाच्या अनुभवात आली. पुण्याच्या गणेशखिंडीतील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांनी अनेक मानवी ऊतींतून या पेशी मिळविण्याचे व वाढविण्याचे काम केले; त्याच केंद्रातील डॉ. वैजयंती काळे यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की तरुण उंदरांच्या मेसेंकायमी पेशींनी सोडलेल्या पुटिका वृद्ध उंदरांच्या रक्तमूलपेशींना पुन्हा तजेला देऊ शकतात. दुसऱ्या कल्पनेचा याहून स्वच्छ दाखला शोधावयास नको: येथे पेशी स्वतः गेलीच नाही, तिचा निरोप तेवढा पोहोचला.

आता उपयोगाचा हिशेब. ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट अवस्थेसाठी या पेशींपासून तयार केलेल्या औषधाच्या मोठ्या चाचण्या २००९ साली आपले उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत. तरी मुलांतील उपयोगाच्या आधारावर कॅनडाने २०१२ साली परवाना दिला, जपानने २०१५ साली आपल्या देशात तयार झालेल्या तशाच औषधाला मुभा दिली, आणि अमेरिकेचा परवाना दोनदा नकार मिळाल्यानंतर २०२४ च्या डिसेंबरात निघाला, तोही बालरुग्णांपुरताच. युरोपात क्रोन विकारातील नाडीव्रणासाठी २०१८ साली मंजूर झालेले औषध नंतरच्या चाचणीत टिकले नाही आणि २०२४ साली मागे घेतले गेले. आपल्याकडे बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्स या कंपनीच्या औषधाला २०१६ साली बुर्गर विकारासाठी मर्यादित परवाना मिळाला. तंबाखूच्या व्यसनाने पायाच्या रक्तवाहिन्या बुजतात, बोटे काळी पडतात, आणि अखेर पाय कापण्याची पाळी येते, असा हा रोग. त्यात दात्यांच्या मज्जेतून वाढविलेल्या पेशी रुग्णाच्या पोटरीत टोचावयाच्या आणि त्यांच्या संदेशाने नव्या वाहिन्या फुटाव्यात अशी अपेक्षा ठेवावयाची. २०२२ साली त्याच औषधाला गुडघ्याच्या संधिवातासाठीही मंजुरी मिळाली. अर्धशतकाच्या परिश्रमाचे फळ म्हणून ही यादी आखूड आहे, आणि तिच्यातील प्रत्येक नोंद अटींनी बांधलेली आहे.

बाजाराची यादी मात्र लांबलचक आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, पाठीच्या कण्याची इजा, मधुमेह, म्हातारपण, एकही व्याधी तिच्यातून सुटत नाही. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की तेथे विकली जाते ती शास्त्राने मागे टाकलेली पहिली कल्पना: पेशी जाईल आणि मेंदू बनवील. सरकारदरबारी या मामल्याची दखल घेतली गेली आहे. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात संशोधनाबरोबर उपचाराचाही उल्लेख केला होता. २०१३ साली तो त्यांनी काढून टाकला. २०१९ च्या नियमांनी मूलपेशींपासून तयार केलेले उत्पादन 'नवे औषध' ठरविले, आणि २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने स्वमग्नतेत या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले. हुकूम आहेत, अंमलबजावणीत कसूर होते, आणि हवालदिल आईबाप पैसा मोजीत राहतात.

येथे पुन्हा करोल बागेकडे वळणे क्रमप्राप्त आहे. या वस्तीच्या एका कडेला पूसा रोडवर लाहोरहून फाळणीत उखडून आलेल्या परंपरेचे बी. एल. कपूर रुग्णालय आहे, जेथे अस्थिमज्जेचे प्रतिरोपण हा नित्याचा उपचार झाला आहे. आणि रैगरपुरा-बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांत सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडून आलेले आपले गलाईवाले सोनारांच्या शेजारी आटणी मांडून बसले आहेत. त्यांच्यापुढे दागिना आला की त्याची झळाळी ते विचारात घेत नाहीत. काळ्या कसोटीवर एक रेघ ओढतात, तेजाबाचा थेंब सोडतात, रेघ किती टिकते ते पाहतात, आणि मग टंच सांगतात. पेशींनाही असाच एक टंच २००६ साली आंतरराष्ट्रीय पेशी-उपचार संघटनेने ठरवून दिला: प्लास्टिकला चिकटणे, पृष्ठभागावर ठराविक तीन खुणा असणे व रक्तपेशींच्या खुणा नसणे, आणि बशीत हाड, कूर्चा व मेद बनणे. परंतु हा टंच पेशी खरी की खोटी एवढेच सांगतो. ती रुग्णाला उपयोगी पडेल की नाही, हे सांगणारी कसोटी वेगळी; तिला नियंत्रित चाचणी म्हणतात, आणि तिच्यावाचून शुद्ध पेशीसुद्धा औषध ठरत नाही. सिद्दिकींच्या प्रयोगशाळेपासून वकिलांच्या रुग्णांपर्यंत पोहोचावयास सर्पगंधेलाही अठरा वर्षे लागली.

म्हणून माझा अभिप्राय असा, की मेसेंकायमी पेशींचे शास्त्र फसवे नाही आणि निष्फळही नाही. त्याच्या नावावर अकाली मांडलेले दुकान फसवे आहे. रक्ताच्या विकारांतील प्रतिरोपण व रीतसर परवाना मिळालेली औषधे वगळता कोणी मूलपेशींचा उपचार पुढे केला, तर वाचकाने संकोच न करता तीन गोष्टी विचाराव्यात: चाचणीचा भारतीय नोंदवहीतील क्रमांक कोणता, नीतिसमितीची संमती कोठे आहे, आणि प्रयोगात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे का घेतले जात आहेत. पहिल्या दोहोंची कागदोपत्री उत्तरे मिळाली नाहीत, किंवा तिसऱ्यावर नुसती मखलाशी ऐकू आली, तर रुग्णाला घेऊन सरळ घरी परतावे.