वाचवलेला रुपया कुणाच्या ताटातला?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेली दोन वर्षं आपल्या सुरतेत घर चालवणं कसं झालंय, ते वेगळं सांगायला नको. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा, कुठल्याही गल्लीत जा, बायकांच्या बोलण्यात एकच विषय. हिऱ्याच्या घंट्या काही ठिकाणी अर्धा दिवस चालतात, काही ठिकाणी आठवड्यातले चारच दिवस. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के कर लावला, त्याची झळ थेट कारागिराच्या स्वयंपाकघरापर्यंत आली. लूमवर मीटरप्रमाणे पैसे, घंटीवर नगाप्रमाणे पैसे. काम नाही त्या दिवशी पैसेही नाहीत. दिवाळीनंतर कारखाने बंद राहतात त्या दिवसांत तर कित्येक घरांत येणं शून्य आणि खर्च मात्र तोच.

अशा वेळी सगळे एकच सांगतात, काटकसर करा. आम्ही बायका ती करतोच, जन्मभर करत आलो. पण सत्संगानंतरच्या गप्पांत परवा एक प्रश्न निघाला, तो सगळ्यांपुढे ठेवावासा वाटतो. प्रत्येक काटकसर पुण्याचीच असते का? की वाचवलेल्या काही रुपयांमागे पापही लपलेलं असतं?

आधी शब्दाकडे बघू. आपण म्हणतो काटकसर, आपल्या गुजराती शेजारणी म्हणतात करकसर. दोन्हीत ‘कसर’ आहे. मराठीत कसर म्हणजे कमतरता. आणि कपड्यांना, पुस्तकांना लागणारी बारीक कीड, तिलाही आपण कसरच म्हणतो. पेटीतली साडी वरून नीट दिसते, उलगडली की जाळी झालेली. काटकसरीचंही तसंच आहे. हिशोबाच्या वहीत राहिली तर घर तारते, मनाला लागली तर आतून जाळी करते.

मग चांगली काटकसर ओळखायची कशी?

आपल्या खानदेशी घरांतलं उदाहरण घ्या. दोडक्याच्या शिरांची चटणी होते, दुधीच्या सालीची होते. रात्रीच्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी होते. उन्हाळ्यात बिबड्या, कुरडया, सांडगे करून ठेवले की पावसाळ्यात भाजी महागली तरी ताट रिकामं राहत नाही. जुन्या साडीची गोधडी होते, गोधडी विरली की पायपुसणं. यात पैसे वाचतात हे खरं. पण फक्त पैसेच वाचतात का? साडी विणणाऱ्याचे हात, भाजी पिकवणाऱ्याचा घाम, सगळं आपण शेवटपर्यंत वापरतो, वाया घालवत नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात गौतम बुद्धांचे शिष्य आनंद यांची एक कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला शंका आली, हा संन्यासी एवढी वस्त्रं घेऊन करणार काय, दुकान मांडणार का? त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाले, ज्या भिक्षूंची चीवरं फाटली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचं? गादीच्या खोळी. त्यांचं? खाली अंथरायला. मग पायपुसणी, मग झाडायची फडकी. आणि फडकीही झिजली की? ती बारीक करून चिखलात कालवू आणि जमीन सारवू. राजाला इतकं बरं वाटलं की त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. आनंदांना स्वतःसाठी काही साठवायचं नव्हतं. देणाऱ्याचं दान मातीत जाईपर्यंत वाया जाऊ द्यायचं नाही, एवढंच होतं.

दुसरी गोष्ट काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. काकासाहेब साताऱ्यात जन्मलेले मराठी माणूस, पण गुजराती इतकी सुंदर लिहीत की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं. आपण सुरतेतल्या मराठी लोकांनी त्यांचं नाव आदराने घ्यायला हवं. १९१५ साली मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन होतं. गांधीजी काहीतरी शोधत होते. काय शोधता, तर एक छोटी पेन्सिल. काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. त्यांना तीच हवी होती. शेवटी सापडली, बोटाच्या दोन पेरांएवढाही नसेल असा तुकडा. मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने तो त्यांना प्रेमाने दिला होता, म्हणून हरवायचा नव्हता. पेन्सिल पैशाची, पण जपणूक प्रेमाची.

या दोन्ही गोष्टींतून एक कसोटी मिळते. खरी काटकसर म्हणजे वस्तूच्या मागे जो माणूस आहे त्याचा मान राखणं. म्हणून अन्न टाकायचं नाही, कापड टाकायचं नाही, पाणी सांडायचं नाही.

आता हीच कसोटी बाजारात घेऊन जाऊ. वस्तू जपायची ती माणसाच्या कष्टासाठी, तर मग त्याच माणसाचे कष्ट कमी पैशांत ओरबाडून घेतले तर त्याला काटकसर कसं म्हणायचं? डोक्यावर टोपली घेऊन चार जिने चढून आलेल्या मासीशी मेथीच्या जुडीवरून दहा मिनिटं घासाघीस चालते. शिवाय वर कोथिंबीर फुकट. त्याच घरात मोबाईलचं रिचार्ज वाढलं तर कुणाशी भांडता येतं? मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट दिली जाते. म्हणजे घासाघीस जिथे महाग आहे तिथे होत नाही, जिथे समोरचा दुबळा आहे तिथे होते. त्यात वाचलेले पाच रुपये आपल्या हुशारीचे नसतात, तिच्या लाचारीचे असतात.

आणि हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरजच नाही, कारण आपण सुरतकर दोन्ही टोकांना उभे आहोत. आपल्या वस्तीत घरोघरी साड्यांचं काम येतं. कुणी धागे कापतं, कुणी लेस लावतं, कुणी टिकली आणि स्टोन चिकटवतं. एका साडीमागे मोजके पैसे. डोळे दुखतात, मान आखडते, त्यात पोरांचं सगळं बघायचं. दर वाढवायला सांगितलं की उत्तर येतं, मार्केटला परवडत नाही. मार्केटवाला म्हणतो बाहेरगावचा व्यापारी घेत नाही. व्यापारी म्हणतो गिऱ्हाईक स्वस्तच मागतं. आणि ते गिऱ्हाईक म्हणजे कुठल्या तरी गावातली आपल्यासारखीच एक बाई, जी घरी जाऊन सांगते, आज चांगली काटकसर केली. तिची काटकसर साखळीतून खाली खाली येते आणि आपल्या डोळ्यांतून वसूल होते. मासीच्या टोपलीवर आपण जे करतो ते याहून वेगळं आहे का, एवढं एकदा मनाशी विचारून बघावं.

इथे एक ताई म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं टाळून चालणार नाही: “हे सगळं बोलायला छान. पण माझ्याकडे महिनाअखेरीला दोनशे रुपये उरतात. मासीला पाच जास्त दिले तर माझ्या मुलाच्या वहीचे कुठून आणू? दया ही भरल्या पोटाची गोष्ट आहे.”

खरं आहे. ज्याच्या घरात कमी आहे त्याने भाव विचारू नये, असं कुणी म्हणत नाही. दोन टोपल्या बघून स्वस्त ती घ्यावी. संध्याकाळी उतरता भाव असतो तेव्हा जावं. मेथी महाग असेल तर त्या दिवशी डाळ करावी. ही सगळी काटकसरच, आणि चांगली. कारण यात आपण आपली इच्छा कमी करतो किंवा आपले पाय झिजवतो. फरक पडतो तो घेतलेल्या वस्तूचा दाम चुकवण्याशी. न घेणं हा आपला हक्क आहे. घेऊन कमी देणं हा नाही. दोनशे रुपये उरणारी बाईसुद्धा एवढा फरक पाळू शकते. त्यासाठी पोट भरलेलं असावं लागत नाही.

तुकोबांचं चरित्र आठवा. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ फक्त देहूचा नव्हता. दख्खन, खानदेश आणि आपलं सुरत बंदर, सगळ्यांवर तो एकदमच कोसळला होता. दुकान बसलं, पहिली पत्नी आणि मूल गेलं, असं चरित्रकार सांगतात. अशा माणसाने येणं वसूल करायला निघावं, तर कोण नाव ठेवणार होतं? त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. पण यातली एक गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली, आणि आपल्या वाट्याचीच पाण्यात सोडली. भावाचा संसार होता. आपलं वैराग्य त्याच्या ताटातून नको, हे त्यांनी पाहिलं.

याच धड्यावरून आता घरात येऊ, कारण बाहेरच्यापेक्षा मोठा अन्याय इथे होतो. पुष्कळ घरांत काटकसर कुणाच्या वाट्याला येते? सगळ्यांचं जेवण झाल्यावर जी शेवटी बसते तिच्या. दूध मुलांना, भाजी कामावर जाणाऱ्याच्या डब्यात, उरलेली अर्धी भाकरी आणि ठेचा आईला. चष्म्याचा नंबर वाढलाय, पुढच्या महिन्यात बघू. गोळ्या एक दिवसाआड घेऊ. आणि याला आपण त्याग म्हणतो, कौतुकही करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ मध्ये झालं, त्यात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या रक्तात कमतरता आढळली, आपल्या गुजरातेत ६५ टक्के. कारणं अनेक असतील, पण ताटात शेवटी उरलेलं खाणं हे त्यातलं एक नाही, असं कोण म्हणेल?

मासीचा दाम बुडवणं अधर्म असेल, तर घरच्या बाईच्या अंगातलं रक्त बुडवणं धर्म कसा होईल? ती स्वतःच बुडवत असली तरीही. हा देह गुरूंच्या सेवेसाठी मिळाला आहे असं आपण रोज म्हणतो. मग जी गोधडी जपते तिने हा देहही जपायला हवा. आणि उलट बाजूनेही, घरातल्या एकाने ठरवायचं आणि सासूबाईंचं औषध किंवा मुलीची शाळेची सहल कापायची, ही काटकसर नाही, लादणं आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून वही उघडावी. येणं किती, देणं किती, कुणी काय सोडायचं. ज्याने त्याने आपलं आपण सोडावं. मुलांना खरा आकडा कळला की ती हट्ट कमी करतात.

शेवटचा मुद्दा, वाचवायचं कशासाठी? गाडगेबाबांकडे (१८७६ ते १९५६) काय होतं? खराटा, मडक्याचं खापर आणि अंगावर चिंध्या. स्वतःवर इतका कमी खर्च करणारा माणूस विरळाच. पण लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा उभ्या राहिल्या. कीर्तनात ते सांगत, कर्ज काढून सण-लग्नं करू नका, कपडे साधे घाला, घरातली भांडी मोडावी लागली तरी चालेल पण पोरांना शिकवा. म्हणजे कापायचं कुठे आणि कापायचं नाही कुठे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. देखावा कापा, शिक्षण नको. आज आपल्या समाजात लग्नाचा हॉल, डीजे, मानपान यासाठी व्याजाने पैसे काढले जातात आणि मग वर्षभर दुधात पाणी. ही उलटी काटकसर आहे. तीच गोष्ट आपल्या सेवेची. ज्या घरात हात आखडलेला आहे त्यांनी केंद्रात काही आणलंच पाहिजे, असं नाही. सद्गुरूंना एक मूठ तांदूळ चालतो, आणि नसेल तर रिकामे हातही चालतात. कुणी उसने घेऊन दान देऊ नये, आणि कुणी कुणाच्या दानाकडे बघूही नये.

तर वाचवलेल्या प्रत्येक रुपयाला तीन प्रश्न विचारावेत. हा कुणाच्या ताटातून आला? माझ्या इच्छेतून आला की दुसऱ्याच्या कष्टातून? आणि आता कुठे चालला आहे? तिन्ही उत्तरं मोठ्याने सांगता आली तर तो रुपया शुद्ध समजावा. एखादं उत्तर घशात अडकलं, तर तिथे कसर लागलीय असं समजून पेटी उन्हात ठेवावी.

या पंधरवड्याचा संकल्प सोपा आहे. मंदी आहे, म्हणून खर्च कमी करूच. पण दारावर येणाऱ्या माणसाला घेतलेल्या वस्तूचा पूर्ण दाम द्यायचा, आणि रोज एक वेळ तरी घरातल्या सगळ्यांनी, स्वयंपाक करणारीसकट, एकत्र जेवायला बसायचं. ताट एकाच वेळी वाढलं की कुणाच्या ताटात काय कमी आहे, ते सगळ्यांना दिसतं.

सर्वांच्या घरी अन्नपूर्णा नांदो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥