धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं

‘सोडणे’ हे मराठीतलं सर्वांत कामसू क्रियापद असावं. आपण उपास सोडतो, सिगारेट सोडतो, पुन्हा धरलेली सिगारेट पुन्हा सोडतो, वडिलार्जित जमिनीवरच्या हक्कावर पाणी सोडतो आणि नळाला पाणी सोडलं नाही की ग्रामपंचायतीच्या नावानं तोंड सोडतो. मी बी.कॉम. होऊन बँकेच्या काउंटरमागे बसलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. या काळात “सही जुळत नाही” असं म्हटल्यावर “अहो, सोडा हो साहेब!” हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय, की प्रत्येक वेळेला एक रुपया घेतला असता तर आज काउंटरच्या पलीकडे मुदत ठेवीचा फॉर्म भरत उभा असतो.

पण काहीही सोडायचं तर आधी ते धरलेलं असावं लागतं. आपल्या म्हणीनं ही अडचण बरोबर पकडली आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आपले पूर्वज एवढं बोलून थांबले. धरायचं, वजन करायचं, फोटो काढायचा आणि मग आपण होऊन सोडून द्यायचं, हा तिसरा मार्ग त्यांना सुचला नव्हता. मला तो सणसवाडीत कळला.

सणसवाडी म्हणजे पुणे-नगर रस्त्यावरचं, शिरूर तालुक्यातलं गाव. नगरचं आता अहिल्यानगर झालं असलं तरी लोकांच्या तोंडी ‘नगर रोड’च आहे. पूर्वी इथं बाजरी पिकायची, आता यंत्रांचे सुटे भाग पिकतात. अशाच एका कारखान्यातले एक मॅनेजरसाहेब आमच्या शाखेचे खातेदार. रविवारी कोरेगावजवळ भीमेच्या काठी गळ टाकून बसतात, म्हणून शाखेत त्यांचं नाव ‘गळवाले साहेब’. अर्थात ते गेल्यावर घ्यायचं. मासे काय भाव पडतात, असं मी एकदा सहज विचारलं. त्यावर ते दुखावल्यासारखे म्हणाले, “मी मासे खात नाही. धरतो आणि सोडतो.”

मागे रांग होती, तरी त्यांनी मला सगळी पोथी वाचून दाखवली. या पंथाचे अमेरिकेतले आचार्य म्हणजे रे स्कॉट. हा गृहस्थ चक्क विमा एजंट. एकदा गळाला लागलेला माणूस विमा एजंट सोडतो, हे माझ्या अनुभवात बसत नाही. पण स्कॉटनं १९६७ साली आर्कान्सातल्या बीव्हर लेक तलावावर ‘बास’ नावाचे मासे धरण्याची स्पर्धा भरवली. माणशी शंभर डॉलर भरून १०६ जण आले. पुढे स्पर्धा वाढल्या, तसे मेलेल्या माशांचे ढीगही वाढले. तेव्हा १९७२ साली स्कॉटनंच मासा मारू नका, जिवंत सोडा, अशी मोहीम सुरू केली. नावेत पाणी खेळतं ठेवणारी टाकी बसवायची, मासे तिच्यात सांभाळायचे, काट्यावर वजन करून तलावात सोडायचे. मासा मेला तर गुण कापायचे. मासा धरल्याबद्दल बक्षीस आणि मेल्याबद्दल दंड, असा हा खेळ.

यात सोडण्याचंही शास्त्र आहे. हात आधी ओले करायचे. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतात. गळाला उलटा दात ठेवायचा नाही. उचलताना पोटाखाली हात द्यायचा, पाण्याबाहेर शक्य तितका कमी वेळ ठेवायचा आणि दमलेला असेल तर तो स्वतःच्या बळावर शेपटी मारून निघेपर्यंत पाण्यात आधार देऊन थांबायचं. माझ्या लग्नात सासरच्यांनी मला इतक्या हळुवारपणे हाताळल्याचं आठवत नाही. एकच गोष्ट मला खटकली. स्पर्धेतला मासा धरतात तलावाच्या एका टोकाला आणि सोडतात वजनकाट्याजवळ. म्हणजे जीव वाचला, पण बदली झाली. बदली म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

दुपारच्या डब्याला मी हा विषय काढला आणि शाखेत दोन तट पडले. आमचे हेडकॅशियर मालवणचे. ते म्हणाले, “खायचा नसेल तर धरायचा कशाला? मासा काय चेंडू आहे?” आमच्या शाकाहारी अकाउंटंटबाई म्हणाल्या, “निदान सोडतो तरी! तुम्ही तर कालवणात घालता.” हेडकॅशियरांनी डबा किंचित आपल्याकडे ओढून घेतला.

गंमत अशी, की मोठमोठ्या देशांतही हेच भांडण चाललंय आणि तिथले कायदे आमच्या हेडकॅशियरांच्या बाजूचे आहेत. जर्मनीच्या प्राणिरक्षणाच्या कायद्यात प्राण्याला वेदना द्यायची तर सबळ कारण लागतं. पोट हे कारण तिथं चालतं, करमणूक चालत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्याच इराद्यानं मासा धरायला २००९ पासून बंदी आहे. म्हणजे अमेरिकेत जो दयाळू, तो स्वित्झर्लंडमध्ये गुन्हेगार. माशाला दुखत नाही, असं म्हणून सुटायचीही सोय राहिलेली नाही. २००३ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि आम्ल टोचून पाहिलं. त्या माशांनी कितीतरी वेळ अन्न घेतलं नाही आणि काही जण तळच्या खड्यांवर ओठ घासत राहिले. माशाच्या मनात काय चालतं, यावर विद्वान अजून भांडताहेत. पण ओठ घासणाऱ्याला ‘मजेत आहे’ म्हणायला फार मोठी विद्वत्ता लागत असावी.

मी वाणिज्य शाखेचा. मला पाप-पुण्य हिशेबाच्या वहीतून दिसतं. चुकून एखाद्याच्या खात्यात रक्कम नावे पडली, तर आम्ही उलट नोंद करून ती जमा करतो. शिल्लक होती तेवढीच राहते. पण पासबुकात दोन ओळी उमटतात, त्या पुसता येत नाहीत. खातेदार काउंटरवर येऊन विचारतो, “पैसे परत आले ते दिसलं, पण गेले का होते?” सोडलेल्या माशाचं असंच आहे. नदीची शिल्लक तेवढीच, पण त्याच्या ओठावर एक ओळ उमटलेली. सोडणं हे जमेचं पुण्य नव्हे, ती आपणच टाकलेल्या नावे रकमेची उलट नोंद आहे. ती केलीच पाहिजे. पण ती केली म्हणून हार घालून घेण्याचं कारण नाही.

धरून सोडण्याच्या कामाचा आपल्याकडचा पहिला मानकरी मात्र रे स्कॉटच्या फार आधीचा. मनूच्या ओंजळीत एक पिटुकला मासा आला आणि म्हणाला, “मला मोठे मासे खातील, सांभाळ.” मनूनं त्याला भांड्यात ठेवला. मासा वाढला, भांडं पुरेना, मग तळ्यात नेला. तळं पुरेना, मग गंगेत. गंगाही पुरेना, तेव्हा समुद्रात. पुढे प्रलय झाला तेव्हा याच माशानं मनूची नाव ओढून नेली. यात मनूनं मासा सोडला ही गोष्ट दुय्यम वाटते. प्रत्येक वेळी तो मासा मावेल एवढं पाणी त्यानं शोधलं, हे खरं काम. धरल्या क्षणापासून मनू अडकला तो समुद्रापर्यंत. म्हणीत धरलेलं चावतं. इथं ते जबाबदारी होऊन चावलं.

पाणी शोधण्याचं हे काम सोपं नाही, याची साक्ष आमच्याच नद्यांतला एक मासा देतो. देहूला इंद्रायणीच्या डोहात वारकरी ज्याला श्रद्धेनं खायला टाकतात तो महाशीर. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहातही देवीचा म्हणून याला कोणी हात लावत नाही. धरायचंही नाही आणि सोडायचंही नाही, असा हा सर्वांत स्वस्त मार्ग. या माशाचं शास्त्रीय नाव ‘तोर खुद्री’. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून ते दिलं. पुण्याच्या पूर्वेला म्हणजे आमच्याच अंगाला. त्यामुळे सणसवाडीकरांनी या माशाला गाववाला म्हणायला हरकत नाही.

धरणांनी आणि सुरुंगांनी हा गाववाला कमी होऊ लागला, तेव्हा टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला त्याची पैदास सुरू केली. १९७० नंतर लाखो पिल्लं झाली आणि देशभरच्या पाण्यात सोडली गेली. त्यांतली काही कर्नाटकात कावेरीत गेली. सगळं चांगल्याच हेतूनं. पण कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीला बाक असलेला, पन्नास किलोच्या आसपास जाणारा. पाहुणे वाढले आणि घरमालक दिसेनासा झाला. २०१८ साली त्याची नोंद नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांत झाली.

आता हे उघडकीला कसं आलं? तर धरून सोडणाऱ्यांच्या वहीतून! कावेरीकाठच्या एका तळावर या मंडळींनी १९९८ ते २०१२ पर्यंत प्रत्येक माशाची नोंद ठेवली होती. तेवीस हजारांहून अधिक तास गळ टाकून सहा हजारांवर मासे धरले आणि सोडले. म्हणजे एका माशाला जवळजवळ चार तास. आमच्या काउंटरवर एवढा वेळ लागला असता तर वर तक्रार गेली असती. पण शास्त्रज्ञांनी ती वही उघडली, तेव्हा कोणता मासा चढला आणि कोणता उतरला हे तारीखवार दिसलं. या मंडळींना मी पुण्यवान म्हणणार नाही, पण त्यांनी खातं नीट लिहिलं. एका कारकुनाकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नसते.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी एका रविवारी गळवाल्या साहेबांबरोबर भीमेवर गेलो. तीन तासांनी एक चिलापी लागली. साहेबांनी हात ओले केले, पोटाखाली हात दिला, पाण्यात आधार दिला आणि आईनं बाळाला पाळण्यात ठेवावं तशी ती सोडली. शेजारी जाळं दुरुस्त करत भोई समाजातले एक मामा बसले होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

“सायेब, सगळं सोडून हीच सोडली व्हय? हिनं आमच्या निम्म्या माशांची अंडी खाल्ली!”

मामांचं ज्ञान पक्कं होतं. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली आणि आता नदी आपल्याच नावावर असल्यासारखी वागणारी. साहेब जरा ओशाळले. म्हणाले, “मामा, पण जीव तर वाचला ना?”

मामांनी जाळ्यातून मान वर केली नाही. “वाचला म्हंजी? तुम्ही त्याला सोडला खरं, पर सोडला कशात? पहाटं येऊन पाण्याचा वास घ्या. ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या कारखान्याचं पाणी कुठं सोडता?”

“प्रक्रिया करून सोडतो,” साहेब म्हणाले. पण बँकेत खोटी सही करणाऱ्याचा हात जसा शेवटच्या अक्षराला अडखळतो, तसे ते ‘प्रक्रिये’पाशी अडखळले. मामा पुढे काही बोलले नाहीत. मीही नाही. त्या कारखान्याच्या पगाराची खाती आमच्याच शाखेत आहेत आणि पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा पुढे भीमेलाच मिळते. त्या सांडपाण्यात माझ्याही न्हाणीघराचा वाटा आहे.

मामांच्या प्रश्नानं मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. २००८ साली केंद्रानं आणि २०१७ साली राज्यानं शेतकऱ्यांना कर्जमाफी दिली. नोटिशीच्या गळाला लागलेला माणूस वर ओढला, प्रमाणपत्र हातात देऊन काहींचा फोटो काढला आणि सोडून दिला. सोडलं हे चांगलंच केलं. ज्याचा गळ निघाला त्याला विचारा. पण विहीर तीच कोरडी, भाव तोच पडलेला. दोन हंगामांनी त्यांतले काही चेहरे पुन्हा काउंटरसमोर. सोडणाऱ्यानं पाणी पाहिलं नाही, की सोडलेला जीव पुन्हा गळाशी येतो. आणि या वेळी त्याचा ओठ आधीच फाटलेला असतो.

तेव्हा धरून सोडणारा चांगला की वाईट, या प्रश्नावर माझा निकाल कारकुनी आहे. पोटासाठी धरणाऱ्या मामांचं खातं त्याच दिवशी मिटतं. त्यांनी घेतलं आणि ते त्यांच्या पानात गेलं. मौजेसाठी धरणाऱ्याचं खातं मात्र सोडल्यावर बंद होत नाही, तिथून ते सुरू होतं. हात ओले करणं हा पहिला हप्ता. कोणता मासा कुठं सोडायचा हे शिकणं हा दुसरा. आणि नदी मासा सोडण्याजोगी ठेवणं, हे मुद्दल. ते एकट्या गळवाल्या साहेबांच्या नावावर नाही. आपण सगळेच त्यात सहकर्जदार आहोत.

हा निकाल मी डब्याच्या वेळी वाचून दाखवला. अकाउंटंटबाईंनी मान डोलावली. हेडकॅशियरांनी शेवटचा घास संपवला, बोटं चाटली आणि म्हणाले, “थकबाकी फार आहे रे. जामीनदार कोण?”