स्वीय सहायकाचे कर्म

चाकरी करून प्रपंच चालविणारा मनुष्य गीतेकडे वळला, की त्याच्या मनात एक शंका उठते. या ग्रंथात क्षत्रियाचे कर्म सांगितले आहे, ब्राह्मणाचे सांगितले आहे. पण जो दिवसभर दुसऱ्याची पत्रे लिहितो त्याच्यासाठी यात काय आहे? मोठ्या कंपनीच्या प्रमुखाचा स्वीय सहायक ही शंका विशेष तीव्रतेने अनुभवतो. साहेबांचा दिवस तो आखतो, भाषणाचा मसुदा तो करतो, सभेची टिपणे तो ठेवतो, कोणाला भेट द्यावयाची आणि कोणाला परतवावयाचे हेही तोच सांभाळतो. टाळ्या मात्र साहेबांना पडतात. लखनौच्या चारबाग स्थानकावर पहाटे गाडीची वाट पाहणाऱ्यांत असा एखादा सहायक असतोच. हातात साहेबांचे कागद, आणि मनात हा सल की, आपले आयुष्य दुसऱ्याच्या नावावर जमा होत आहे.

चारबाग हे स्थानकच त्याला काही सांगू शकेल. या इमारतीची पायाभरणी १९१४ साली झाली. डिसेंबर १९१६ मध्ये लखनौस काँग्रेसचे अधिवेशन भरले. आदल्याच वर्षी ज्यांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले होते ते लोकमान्य टिळक त्या अधिवेशनास आले होते. गांधी आणि जवाहरलाल यांची पहिली भेट त्याच दिवसांत चारबाग येथे झाली. त्याच गर्दीत चंपारण्याचा राजकुमार शुक्ल नावाचा एक शेतकरी निळीच्या मळेवाल्यांचे गाऱ्हाणे घेऊन आला होता. त्याच्या आग्रहामुळे १९१७ च्या एप्रिलात गांधी चंपारण्यास गेले. मदतीस आलेल्या नामांकित वकिलांना त्यांनी सांगितले की, तुमच्या कायदेज्ञानाचा येथे फारसा उपयोग नाही. मला कारकून आणि दुभाषे हवेत. ब्रजकिशोरप्रसाद, राजेंद्रप्रसाद यांसारखे वकील रयतेच्या हजारो जबान्या लिहीत बसले. त्यांतील राजेंद्रप्रसाद पुढे भारताचे पहिले राष्ट्रपती झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस महादेव देसाई गांधींकडे आले. ते बी.ए., एल्‌एल.बी. होते, स्वतंत्र कीर्ती मिळविण्याची योग्यता निःसंशय होती. पुढील पंचवीस वर्षे त्यांनी पत्रे, टिपणे, भाषांतरे आणि पाहुणे यांत घालविली.

अठराव्या अध्यायात भगवंतांनी प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नानाविध चेष्टा आणि दैव. असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी कच्ची होय. हा उपदेश आधी साहेबांनी ऐकावा. पण सहायकानेही तो ऐकावा, कारण ‘हे सारे खरे तर मीच केले’ असे मनात म्हणणारा त्याच कच्च्या बुद्धीचा असतो. श्रेय न मिळालेला अहंकार पुष्कळदा दाराशी जाऊन बसतो. भेटीस आलेल्याला विनाकारण ताटकळत ठेवणे, साहेबांचे मन आपल्याच मुठीत आहे असे भासविणे, ही त्याची रूपे कोणत्याही कचेरीत दिसतात.

याहून कठीण प्रसंग निराळाच आहे. साहेब म्हणतात, या पत्रावर मागील महिन्याची तारीख घाला. सहायकाला घरभाडे आहे, मुलांच्या शाळेचे शुल्क आहे. नोकरी जाण्याची भीती खरी आहे. तिला हसण्याचा अधिकार पोट भरलेल्या उपदेशकाला नाही. परंतु गीता फळाचा त्याग सांगते; सत्याचा त्याग तिने कोठेही सांगितलेला नाही. सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत ‘मी’पणाच्या अभावाबरोबर धैर्यही आहे, आणि ते अशा वेळेसाठीच आहे. तारीख न घालता कागद परत न्यावा, दार लोटून घ्यावे, आणि आपणाकडून हे होणार नाही असे चार शब्दांत सांगावे.

असे सांगणारा सेवक गीतेतच आहे. संजय हा धृतराष्ट्राचा पदरी असलेला मनुष्य. राजाला पुत्रांचा जय ऐकावयाचा होता, हे त्याच्या पहिल्याच प्रश्नातील ‘माझे’ या शब्दावरून कळते. संजयाने धन्यासाठी एक अक्षर गोड केले नाही. जे झाले ते सांगितले, आणि शेवटच्या श्लोकात, राजाने न विचारता, जय कोणत्या पक्षाकडे आहे हे स्वतःचे मत म्हणून सांगितले. वृत्तांत आणि मत यांची त्याने सरमिसळ होऊ दिली नाही. तरी त्याने धन्याला सोडले नाही. युद्धानंतर अंध राजा वनात गेला, तेव्हा संजय बरोबर होता.

महादेवभाईंवरही तशी वेळ आली. मार्च १९३८ मध्ये ओरिसातील डेलांग येथे असताना कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन पुरीच्या जगन्नाथमंदिरात दर्शनास गेल्या. तेथे तेव्हा हरिजनांना मज्जाव होता. गांधींना तीव्र दुःख झाले आणि त्यांनी महादेवभाईंना दोष दिला. महादेवभाईंना हा दोष प्रमाणाबाहेर वाटला. त्यांनी तसे सांगितले आणि सेवेतून मोकळे करण्याची विनंती केली. गांधींनी ती मानली नाही, महादेवभाई राहिले. त्या साऱ्या प्रकाराविषयी त्यांनी ‘हरिजन’ साप्ताहिकात लेखही लिहिला.

१९३३-३४ च्या कारावासात, बेळगावच्या तुरुंगात, त्यांनी गांधींच्या ‘अनासक्तियोगा’चे इंग्रजी भाषांतर हाती घेतले. १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत, वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते वारले. देहाला स्नान गांधींनी स्वतः घातले. ग्रंथ १९४६ साली निघाला. त्याच्या नावात गांधींचे नाव आहे. आरंभीचे विस्तृत निवेदन मात्र महादेवभाईंचे स्वतःचे असून ते मूळ भाषांतरापासून वेगळे ठेवलेले आहे.