अश्वत्थामा कुठला?

खरं बोललं की माणूस सुटला, अशी माझी आयुष्यभराची समजूत. हर्नियासाठी हॉस्पिटलात पडलो आणि ती मोडली.

एक शिकाऊ सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. “कुलकर्णी ना?” मी म्हटलं, “हो.” आता यात खोटं काय होतं? तेवढ्यात हेडसिस्टर कडाडल्या, “थांब! आजोबा, पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा.” इंजेक्शन निघालं इन्शुलिनचं, शेजारच्या खाटेवरच्या कुलकर्ण्यांचं! मला तर डायबेटिस नाही. साखर उतरून मी सत्यवचनी म्हणून थेट स्वर्गातच गेलो असतो.

धर्मराजही खरंच बोलले होते. अश्वत्थामा मेला होता. फक्त तो हत्ती होता. द्रोणाचार्यांनी जन्मतारीख विचारली असती, तर शस्त्र खाली ठेवलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २००७ साली हेच बजावलंय : रोग्याची ओळख निदान दोन खुणांनी पटवा, आणि खोलीचा नंबर त्यात धरू नका.

सत्य एकच असतं म्हणतात. असेलही, पण कुलकर्णी दोन असतात. हल्ली कुणी “कुलकर्णी ना?” म्हटलं, की मी आधी हात मागे घेतो आणि विचारतो, “कुठले?”