सांगितलेला शेवट

भाची : गोष्ट संपली, मावशी. १९ मे २०१९ च्या रात्री अमेरिकेत, आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला. डेनेरिस मेली, ब्रॅन राजा झाला, जॉन भिंतीपलीकडे निघून गेला. तुला पटलं नाही म्हणून ते घडलंच नाही, असं कसं म्हणता येईल?

मी : मालिका संपली. गोष्ट २०११ च्या जुलैपासून जागची हललेली नाही. 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'च्या शेवटी जॉन सुऱ्यांचे घाव खाऊन कोसळलाय, डेनेरिस गवताळ रानात आहे, ब्रॅन झाडाच्या मुळांमधल्या गुहेत बसलाय. ती सगळी अजून तिथेच आहेत.

भाची : तू त्यांना तिथे बसवून ठेवलंयस. मार्टिननं नाही. मालिकेचे निर्माते बेनिऑफ आणि वाइस २०१३ मध्ये त्याला भेटायला सांता फेला गेले, तेव्हा पुढचे मोठे टप्पे त्यानं स्वतः त्यांना सांगितले. शिरीनला जाळणार हे त्यानं सांगितलं, ब्रॅनला वाहून नेणाऱ्या होडोरचं रहस्य त्यानं सांगितलं. ब्रॅन राजा होणं हीही त्याचीच कल्पना, हे ब्रॅनची भूमिका करणाऱ्या नटानं सांगितलंय. शेवट त्याच्या तोंडचा आहे. तोंडचा आहे, फक्त हातचा नाही, एवढाच तुझा आक्षेप.

ज्यांनी हे सगळं पाहिलं-वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालेतलं पहिलं पुस्तक १९९६ साली आलं, पाचवं २०११ साली. माला सात पुस्तकांची ठरली आहे आणि सहावं, 'द विंड्स ऑफ विंटर', अजून यायचं आहे. एचबीओची 'गेम ऑफ थ्रोन्स' २०११ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, म्हणजे पाचव्या पुस्तकाच्या तीन महिने आधी. पाचव्या-सहाव्या सीझनपर्यंत मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. मार्टिननं २ जानेवारी २०१६ ला पुस्तक झालेलं नाही हे जाहीरपणे लिहिलं, आणि त्याच वर्षी सहाव्या सीझनच्या अखेरच्या भागाला नाव दिलं गेलं 'द विंड्स ऑफ विंटर'. न आलेल्या पुस्तकाचं नाव आधीच वापरून झालं. माझ्यासारख्या वाचकांना तेव्हा काय वाटलं हे मी भाचीला अनेकदा सांगितलंय. तिनं मालिका आधी पाहिली, पुस्तकं नंतर वाचली, आणि माझ्यापेक्षा बारकाईनं वाचली. म्हणून हा वाद.

मी : शिरीनचंच घे. मालिकेत सिंहासनाचा दावेदार स्टॅनिस आपल्या मुलीला, शिरीनला, बरोबर घेऊन विंटरफेलवर चाल करतो. बर्फात अडकतो, रसद जळते, सैन्य उपाशी मरायला लागतं. मग तो पोटच्या पोरीला चितेवर चढवायला परवानगी देतो. पुस्तकात स्टॅनिस बर्फात अडकलाय हे खरं, पण शिरीन त्याच्याजवळ नाहीच. ती भिंतीपाशी, कॅसल ब्लॅकमध्ये आहे, आई आणि पुरोहितीण मेलिसांड्रेबरोबर. त्या दोघींत आणि स्टॅनिसमध्ये शेकडो मैलांचं बर्फ आहे. आता मला सांग, तिला कोण जाळणार?

भाची : मेलिसांड्रे जाळेल. किंवा स्टॅनिस परत येऊन जाळेल.

मी : त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! पहिलीत बापाला कळण्याआधी आई आणि पुरोहितीण मिळून पोरीचा बळी देतात. दुसरीत बाप सगळं हरून परत येतो आणि मग शेवटचं जे उरलंय तेही देतो. 'द विंड्स ऑफ विंटर'मधलं जे एक प्रकरण मार्टिननं आधी वाचायला दिलंय, त्यात स्टॅनिस आपल्या सरदाराला बजावतो की मी मेलो तरी माझ्या मुलीला सिंहासनावर बसवायचं. ज्या माणसाच्या तोंडी हे आहे त्यानं तिला जाळलं, तर त्या दोन क्षणांच्या मध्ये काहीतरी भयंकर घडलेलं असलं पाहिजे. ते काय, हीच गोष्ट. 'शिरीन जळते' ही नुसती बातमी झाली.

भाची : पण तो प्रसंग पाहताना मी ढसाढसा रडले. बातमीला कोणी रडत नाही.

मी : रडलीस, कारण एक गोड मुलगी जळत होती. स्टॅनिससाठी रडलीस का?

भाची : नाही. त्याचा राग आला.

मी : मला पुस्तकात त्याच्यासाठी रडायचं आहे.

भाची : हे बघ, इथे तू अडकतेस. मालिकेनं तुला एक कारण दिलं: भूक, बर्फ, हरण्याची भीती. ते तुला पुरेसं वाटलं नाही. तुला जे कारण हवंय ते अजून कोणी लिहिलेलंच नाही. म्हणजे एका लिहिलेल्या कारणाची तुलना तू एका न लिहिलेल्या कारणाशी करतेस. न लिहिलेलं नेहमीच जिंकणार. त्याला कधी वाईट वाक्य लिहावं लागत नाही.

यावर मी लगेच काही बोलू शकले नाही. पण मुद्दा मला सोडवेना, म्हणून आम्ही तिथेच फिरत राहिलो.

मी : बरं, लिहिलेल्याशी तुलना करू. टिरियन बापाला मारतो, हे तिसऱ्या पुस्तकातही आहे आणि मालिकेतही. पुस्तकात त्याच्या आधी भाऊ जेमी त्याला टायशाचं खरं सांगतो. तेरा वर्षांचा असताना टिरियननं जिच्याशी लग्न केलं ती मुलगी पैसे देऊन आणलेली नव्हती, तिचं त्याच्यावर खरंच प्रेम होतं, आणि बापाच्या हुकमावरून जेमी खोटं बोलला होता. आयुष्यभर ज्या खोट्यावर टिरियन उभा होता ते त्या रात्री कोसळतं. मग तो वर जातो. मालिकेनं हे काढून टाकलं. तिथे दोघे भाऊ गळाभेट घेऊन निरोप घेतात. बाण तोच, बाप तोच, मरण्याची जागाही तीच. पण पाचव्या पुस्तकात टिरियन कडू, क्रूर, स्वतःलाच नकोसा झालेला दिसतो, आणि मालिकेत तो शहाणा, विनोदी सल्लागार होतो. कारण काढलं की माणूस बदलतो. माणूस बदलला की त्याच्या हातून घडणारा शेवट तोच कसा राहील?

भाची : हे मान्य. टायशाला काढायला नको होतं. पण मग राणी सर्सीचं बोल. सहाव्या सीझनचा अखेरचा भाग, बेलरचं मंदिर उडतं तो. पियानो सुरू होतो, सगळे कपडे चढवताहेत, सर्सी खिडकीशी उभी आहे. त्यातलं एक अक्षरही पुस्तकात नाही. आणि मालिकेतला त्याहून चांगला भाग मला दाखव. तिचं कारण तिच्या चेहऱ्यावर होतं, त्याला प्रकरणभर मनोगत लागलं नाही.

मी : तो भाग उत्तम आहे. कारण त्याच्यामागे पाच सीझन होते. तिला नग्न करून रस्त्यातून फिरवलं, तिची मुलं गेली, तिच्यावर खटला होता. कारणं साठलेली होती. डेनेरिसच्या बाबतीत तसं नाही. घंटा वाजतात, शहर शरण येतं, आणि त्यानंतर ती किंग्ज लँडिंग जाळते. त्या क्षणाला काय साठलेलं होतं?

भाची : तेही साठलेलं होतं. मीरीन शहरात तिनं माणसं खिळ्यांनी ठोकली, तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास.

ती बरोबर बोलत होती, आणि मला ते झोंबलं. तरी माझं म्हणणं असं की पुस्तकांत अजून एक माणूस आहे जो मालिकेत आलाच नाही. स्वतःला डेनेरिसच्याच घराण्यातला एगॉन टार्गेरियन म्हणवणारा एक तरुण, ज्याला मेलेला समजलं जात होतं, तो 'गोल्डन कंपनी' ही भाडोत्री फौज घेऊन वेस्टरॉसमध्ये उतरलासुद्धा आहे. डेनेरिस समुद्र ओलांडून पोचेल तेव्हा लोकांनी कदाचित आधीच एक टार्गेरियन डोक्यावर घेतलेला असेल. जिची वाट बघायला हवी होती तिची वाट कोणी बघत नसेल, तर ती काय करेल याचा मी कित्येक रात्री विचार केलाय. त्या आगीला अर्थ असू शकतो. मालिकेनं तो माणूसच वगळला आणि आग तेवढी ठेवली.

भाची : आता माझ्याकडचं एक. 'मृत्युंजय' तू किती वेळा वाचलंस?

मी : खूपदा.

भाची : कर्ण मरणार हे माहीत असून. शेवट व्यासांचा, कारणं शिवाजी सावंतांची. इरावती कर्व्यांचा कर्ण 'युगान्त'मध्ये पुन्हा वेगळा. तू दोन्ही कपाटात शेजारीशेजारी ठेवतेस. मग बेनिऑफ-वाइसनं मार्टिनकडून शेवट घेतला आणि स्वतःची कारणं लावली, तर त्यांनाच शेजारी जागा का नाही?

मी : कारण सावंतांच्या पुढ्यात व्यास होते. अख्खं महाभारत होतं. त्यांनी जे बदललं ते कशापासून बदललं हे आपल्याला दिसतं. या दोघांच्या पुढ्यात काही ओळींची यादी होती.

भाची : आणि ती यादी लांबण्याऐवजी तशीच राहिली, हा कोणाचा दोष? त्यांना दर वर्षी ठरल्या तारखेला काहीतरी द्यायचं होतं. मार्टिनला तारीख पाळावी लागली नाही. ज्यांनी संपवलं त्यांच्याविरुद्ध दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, आठवा सीझन पुन्हा काढा म्हणून. ज्यानं संपवलं नाही त्याला तू आदरानं वागवतेस. काम पुरं करणाऱ्याला शिव्या आणि अर्धं सोडणाऱ्याला श्रद्धा. हे मला कधीच कळलं नाही, मावशी.

मी : त्यानं सोडलेलं नाही. तो लिहितोय. आणि तो आपला देणेकरी नाही. पुस्तकाचे पैसे दिले, पुस्तक मिळालं, व्यवहार पुरा झाला.

भाची : पहिल्या पुस्तकावर 'पहिला भाग' लिहिलं म्हणजे दुसऱ्याचा शब्द दिला. तू पहिलं पुस्तक एकटं वाचलं असतंस का?

या बाजूला मी फार वेळ थांबणार नाही. लेखक देणं लागतो की नाही, हा वाद वाचक नेहमी करतात आणि तो पुढे सरकत नाही. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट, आणि ती मी तिला सांगितली. १९९३ मध्ये मार्टिननं आपल्या एजंटला एक पत्र लिहिलं होतं. ते २०१५ मध्ये बाहेर आलं. त्यात तीन पुस्तकांचा आराखडा आहे. त्यात जेमी वाटेतल्या सगळ्यांना मारून राजा होतो. जॉन आणि आर्या एकमेकांच्या प्रेमात पडतात. टिरियनही आर्याच्या प्रेमात पडतो. हेही 'त्याच्या तोंडचं'च होतं. तेव्हा कोणी मालिका काढली असती तर आपण आज शपथेवर सांगितलं असतं की मार्टिनचा शेवट हाच. मग त्यानं जेमीच्या डोक्यात शिरून लिहायला सुरुवात केली, तिसऱ्या पुस्तकात, आणि तो खलनायक राहिलाच नाही. मार्टिन स्वतःला माळी म्हणवतो, आराखडा काढून बांधणारा वास्तुविशारद नाही. २०२२ मध्ये त्यानं लिहिलं की त्याची बाग मालिकेपासून दूर दूर वाढत चालली आहे. अशा माणसाला शेवट लिहूनच सापडतो. सांता फेमध्ये त्यानं जे सांगितलं तो त्या दिवशीचा अंदाज होता.

भाची : त्याच पत्रात पाच जणं सगळ्या पुस्तकांतून तगतील असंही लिहिलंय. टिरियन, डेनेरिस, आर्या, ब्रॅन, जॉन. मालिकेच्या अखेरच्या भागापर्यंत कोण तगलं? इतर काहींबरोबर हे पाचही. इतकी वर्षं, इतक्या उलथापालथी, आणि तरी खांब तेच. तू म्हणतेस तेवढी ती बाग मोकाट नाही.

मी : खांब तेच, घर वेगळं.

भाची : आणि घर नसेल तर? त्याचा जन्म १९४८ चा. पुस्तकं अजून दोन. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला आणि 'द व्हील ऑफ टाइम' अर्धी राहिली. त्याच्या बायकोनं, जी त्याची संपादकही होती, ब्रँडन सँडरसनला निवडलं, आणि त्यानं टिपणांवरून २०१३ पर्यंत तीन पुस्तकांत ती पुरी केली. अगदी शेवटचा प्रसंग जॉर्डननं स्वतः लिहून ठेवला होता. म्हणजे शेवट मूळ लेखकाचा आणि वाट दुसऱ्याची. तुझ्या हिशेबानं हे चालायला नको. पण वाचकांनी ते मानलं. तूही वाचलंस.

मी : वाचलं. आणि मला ते मानवलं, कारण सँडरसनला एक पुस्तक लिहायचं होतं आणि त्यानं तीन लिहिली. त्यानं कारणांना जागा दिली. एचबीओ आणखी भाग द्यायला तयार असताना इकडे सातवा सीझन सात भागांचा आणि आठवा सहा भागांचा केला. डेनेरिसला त्या शहरावरून उडण्याआधी आणखी एक सीझन मिळायला हवा होता.

भाची : थांब. मघाशी तू म्हणालीस की शेवट फक्त मार्टिनच लिहू शकतो. आता म्हणतेस, कोणीही लिहू शकतो, जागा दिली तर.

मी : जो कारणं शोधायला वेळ देईल तो लिहू शकतो. मला लेखकाच्या नावाचं सोवळं नाही. मला एवढंच हवंय की माणसं जे करतात ते त्यांच्या आतून यावं, कोणी यादीत लिहिलंय म्हणून नको.

भाची : मग उद्या त्याच्या टिपणांवरून दुसऱ्या कोणी सातवं पुस्तक लिहिलं, हजार पानांचं, तर वाचशील?

मी : माळ्याची टिपणं म्हणजे काय असणार? नावं, लढाया, कोण मरतो.

भाची : वाचशील की नाही?

मी : वाचीन. स्टॅनिस कुठे होता आणि चितेला कोणी हात लावला, ते प्रकरण आधी काढीन.