मोड आलेला मूग

तळहातावर मोड आलेला एक मूग घ्या. घाई नाही. श्वास आपल्या लयीत चालू द्या आणि नुसते पाहा.

साल अलगद सोलून काढा. आत दोन दळे. कोरड्या मुगाच्या वजनात जवळपास चौथा हिस्सा प्रथिने असतात, आणि त्यांचा मोठा साठा या दोन दळांत. कोणासाठी? या कोंबासाठी. मुळे माती धरेपर्यंत आणि पाने उन्हावर जगू लागेपर्यंतची त्याची शिदोरी. आपण तिच्यावर मागाहून हक्क सांगितला. एवढी गोष्ट मनात थोडा वेळ राहू द्या.

आता डोळे मिटा. ही प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या, घडी घालून दाटीने रचलेल्या. कोरड्या दाण्यात त्या महिनोन्‌महिने तशाच पडून असतात. पाणी शिरते, विकरे कामाला लागतात आणि साखळ्या तुटू लागतात. त्या आखूड तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. तुमच्या हातातल्या दाण्यात हे आत्ताही चालले आहे.

उसळ शिजली की दाण्यातली विकरे निकामी होतात. अर्धवट राहिलेले काम मग तुमच्याकडे येते. एक घास घ्या, सावकाश चावा. गिळल्यावर लक्षही खाली जाऊ द्या: जठरात पेप्सिन, पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिन. पुन्हा तुकडे, आणखी आखूड.

आपल्या शरीरात एसीई नावाचे एक विकर आहे. रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन त्याच्यामुळे तयार होते. मुगाच्या प्रथिनांपासून मिळालेल्या काही पेप्टाइडांनी परीक्षानळीत या विकराला अडवले आहे. रक्तदाबावरचे कॅप्टोप्रिलही त्यालाच अडवते, आणि ते औषध सुचले ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातल्या पेप्टाइडांवरून. कुठे सर्पविष, कुठे मूग! इथे हवे तितके रेंगाळा.

मात्र परीक्षानळी म्हणजे देह नव्हे. आतड्याच्या पेशींत मुख्यतः दोन-तीन अमिनो आम्लांचेच तुकडे शिरतात, आणि तिथेही बहुतेक पुन्हा फोडले जातात. अखंड रक्तात पोचणारे थोडेच. म्हणून पेप्टाइडांच्या डब्यांवरचे मोठे दावे मला पटत नाहीत, आणि वाटीभर उसळीच्या भरवशावर कोणी रक्तदाबाची गोळी सोडू नये.

सुट्या झालेल्या अमिनो आम्लांमागे मात्र निवांत जा. यकृत, स्नायू, त्वचा. काही जठराच्या अस्तरातही पोचतील, आणि पुढचा मूग पचवणारे पेप्सिन त्यांतूनच घडेल.